रविवारची गोळी

पुणे, बुधवार रात्र

तीर्थरूप आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच बोलले असते, पण फोनवर आई नुसतं "हो हो" करते आणि अण्णांना नेमकं तेव्हाच केळीला पाणी सोडायचं असतं. म्हणून कागद. अण्णा, जेवणं झाली की मोठ्याने वाचून दाखवा.

आई, काल बोलता बोलता तू म्हणालीस, "दोन रविवार झाले, ती गोळी सोडलीय." आमवातावरच्या मेथोट्रेक्झेटला आपल्या घरात कुणी नावाने हाक मारत नाही, ती रविवारची गोळी. समोरच्या काकू म्हणाल्या, असली औषधं गुडघा बदलायच्या ऑपरेशनआधी बंद करावी लागतात, नाहीतर जखम भरत नाही. त्यांचा गुडघा गेल्या वर्षी बदलला, आता त्या मारुतीच्या पारापर्यंत चालत जातात, म्हणून त्यांचा शब्द प्रमाण. पण काकूंचा गुडघा वयाने झिजला होता. तुझा आमवाताने आतून पोखरलाय. त्यांचं दुखणं गुडघ्यापुरतं होतं. तुझं अंगभर आहे, गुडघा फक्त सगळ्यात मोठ्याने बोंबलतो.

आज मी संधिवाताच्या डॉक्टरांना फोन लावला. रविवारची गोळी ऑपरेशनच्या आठवड्यातही चालूच ठेवायची. ती थांबवली तर आमवात उसळतो, आणि सुजलेल्या बोटांनी तू वॉकर कसा धरणार? राहिलेल्या दोन रविवारांची भरपाई म्हणून एकदम तीन खेपा गिळू नकोस. मी तुला ओळखते. ती गोळी जास्त झाली तर जिवावर बेतते.

काकूंचं अगदीच खोटं नाही म्हणा. आमवातासाठीच पंधरा दिवसांनी पोटावर घेतेस ते अ‍ॅडालिम्युमॅबचं इंजेक्शन मात्र थांबवायचं. शेवटचं घेतलं की पुढची खेप चुकवून तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन. टाके निघाले, जखम कोरडी दिसली की साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू. ही तारीख डॉक्टर ठरवतील, काकू नाही. सकाळची बारकी प्रेडनिसोलोन, ती स्टेरॉइडची गोळी, मात्र एक दिवसही सोडायची नाही, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही. इतकी वर्षं स्टेरॉइड बाहेरून मिळाल्यामुळे ते अंगात बनवणारी मूत्रपिंडावरची ग्रंथी आळसावलीय, ऐन वेळी ती धावून येणार नाही.

अण्णा, तुम्ही विचारलंत, दुखतोय गुडघा आणि मानेचा एक्स-रे कशाला? आमवात मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला बंध सैल करतो. भूल देताना घशात नळी घालायची वेळ आली तर मान मागे वाकवावी लागते. ती किती वाकवायची हे भूल देणाऱ्यांना आधी कळलेलं बरं.

दाढेचंही दाखवून घ्या. नव्या सांध्यात जंतू शिरले तर फार हाल होतात, आणि आमवात असलेल्यांना तो धोका काकूंसारख्यांपेक्षा जास्त. आणि मशेरी! तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. पिठाच्या डब्यामागची डबी अण्णा सोडून सगळ्यांना माहीत होती. आता त्यांनाही झाली.

खर्चाचं म्हणाल, तर २०१७ साली सरकारने गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. साधा कोबाल्ट-क्रोमचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा ठरला, त्याआधी दीड लाखाच्या घरात जायचा. जळगावच्या दवाखान्यात बिलावर सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. आणि "आखाजी होऊन जाऊ द्या" हे पुरे झालं. तीन आखाज्या झाल्या. आता आईचा गुडघा सरळच होत नाही, मांडी वाळत चाललीय. मांडीत जोर असेपर्यंत ऑपरेशन झालं तर नंतर उभं राहणं सोपं.

आखाजीवरून आठवलं. खापरावरची पुरणपोळी तू दोन्ही हातांवर फिरवत फिरवत केवढी मोठी करायचीस. एका आखाजीला ती मनगटावरून निसटली. तू हसलीस, म्हणालीस, "पुरण पातळ झालं." पुरण पातळ नव्हतं, आई. त्याच महिन्यात तालुक्याच्या एका डॉक्टरांनी "वयाचंच आहे" म्हणून दुखायच्या गोळ्या दिल्या आणि दोन वर्षं त्यातच गेली. मी शेजारी बसून पोळी खाल्ली आणि काही विचारलं नाही. त्या डॉक्टरांवर मी चिडते खरी, पण ते मनगट मीही पाहिलं होतं.

आता कामाचं. नव्या गुडघ्यावर उकिडवं बसायचं नाही, म्हणून अण्णा, कमोड आधी बसवून घ्या. चूल बंद, भाकरी ओट्यावर, नाहीतर तुम्हीच थापा. साध्या वॉकरच्या मुठी आईला झेपणार नाहीत, कोपरापासून हात टेकवता येतो तसला मी इथून आणते.

शनिवारच्या गाडीने निघतेय. रविवारी जेवणं झाली की गोळी माझ्यासमोर घे.

तुमची,
बेबी