पुड्या घेण्याआधी

पलूस, जि. सांगली
१८ मार्च

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

आल्याच्या लागणीला मायकोरायझाच्या, म्हणजे मुळीत राहणाऱ्या बुरशीच्या, पुड्या घेऊ का, असं तू विचारलंस. फोनवर सगळं सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो. निकाल आधीच सांगतो: माती परीक्षणाचा कागद हातात आल्याशिवाय एकही पुडी घेऊ नकोस.

नत्र पाण्याबरोबर वाहतं, पण स्फुरद (फॉस्फरस) जिथं पडतं तिथंच बसतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर ते चुन्याला घट्ट धरून बसतं. मुळी आपल्या अंगालगतचं एक-दोन मिलिमीटरमधलं उचलते, मग तिथं खडखडाट. ही बुरशी मुळीच्या आत शिरते आणि बाहेर केसाहून बारीक धागे कितीतरी सेंटिमीटर लांब सोडते. तिकडचं स्फुरद आणि जस्त ती आणून देते. बदल्यात पीक पानात तयार झालेली साखर देतं, कधीकधी पाचव्या हिश्श्यापर्यंत. म्हणजे चाकरी फुकट नाही. रानात स्फुरद मुबलक असलं की पीक तिला दारात उभं करत नाही. डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद असतं. तशी पोती दरसाल लागणीच्या वेळच्या बेसल डोसात ओतायची आणि वर बुरशी विकत घ्यायची, याला काय म्हणावं?

पुतण्या एम.एस्सी. करतोय. त्यानं माझ्या हळदीच्या मुळ्या नेल्या, कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात उकळून पांढऱ्याफटक केल्या आणि व्हिनेगरमध्ये पेनाची निळी शाई घालून रंगवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर मुळीच्या पेशीपेशीत निळी झुडपं, फांद्यांना फांद्या फुटलेली. देवाणघेवाण तिथंच चालते. मी कधी पुडी टाकलेली नाही, हे लक्षात घे. ही बुरशी रानात मूळचीच असते. जमिनीवरच्या बहुतेक झाडांशी तिचं जमतं, आणि स्कॉटलंडमध्ये चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या दगडातल्या वनस्पतींतही ती सापडली आहे.

आणखी एक मजा सांगतो. स्फुरदाला भुकेलेली मुळी मातीत स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं द्रव्य सोडते, त्यावर बुरशीचे धागे फांद्या फोडत जवळ येतात. हे २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण त्याच द्रव्यावर ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला तणाचं बीही उगवतं! हाक मारली बुरशीला आणि ओ दिली टारफुल्यानं. हलक्या, उपाशी रानात टारफुला का माजतो, त्याचं एक कारण हेही आहे.

आता तुझ्या कोरेगावच्या रानाचं. आल्याआधी तू फ्लॉवर घेतोस. कोबी, फ्लॉवर, मोहरी या कुळाशी या बुरशीचं जमत नाही, आणि जिवंत मुळीशिवाय तिची वाढ होत नाही. त्यामुळे एक हंगाम ती उपाशी राहते. फ्लॉवर निघाल्यावर रान तापत ठेवण्यापेक्षा ताग टाकून गाडता आला तर बघ. दुसरं, कंदकुजीच्या धास्तीनं उठसूट कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करू नकोस. त्यानं ही बुरशीही मार खाते. मेटॅलॅक्झिल या दुसऱ्या बुरशीनाशकाचा तिला तेवढा त्रास होत नाही.

पुडीला माझा सरसकट विरोध नाही. द्राक्षाची रोपवाटिका, कोकोपीटमधली रोपं, ऊतिसंवर्धित केळी, अशा ठिकाणी माती मुळातच निर्जंतुक किंवा नवखी असते. तिथं पैसे वसूल होतात. तुझ्या कागदावर स्फुरद कमी निघालं आणि घ्यायचंच ठरवलंस, तर बेण्याखाली, मुळी फुटेल तिथंच टाक. सरीवर भुरभुरलीस तर पैसे मातीत. आणि त्या वर्षी डीएपीला हात आवर, नाहीतर दोन्ही खर्च वाया.

माती देताना ठिबकच्या नळीखालची देऊ नकोस, खत टाकलेली जागाही टाळ. कागद आला की फोटो पाठव. स्फुरद आणि सामूचे (पीएचचे) आकडे बघितले की डोस दोघं मिळून ठरवू. दुकानदाराला सांग, सांगलीचा मित्र अडून बसलाय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप