गुडघ्यावरचा हात

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र टपालाने तुम्हाला एकटीला पाठवता आले असते आणि तुम्हाला तेच अधिक रुचले असते, हे मला ठाऊक आहे. तरीही चारचौघांत लिहिते आहे, कारण माझ्या न बोलणाऱ्या मुलाला घेऊन तुमच्या दवाखान्यात येण्यापूर्वी मला जे ऐकावे लागले तेही चारचौघांतच ऐकावे लागले होते.

मी स्वतः वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. दुसऱ्यांच्या मुलांना बोलते करणे हे गेली अकरा वर्षे माझे काम. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांपर्यंत साधारण 50 शब्द आणि ‘आई ये’, ‘बाबा गेला’ अशी दोन शब्दांची जोडणी, हे मी आजवर किती पालकांना समजावले असेल याची गणती नाही. आणि माझा मुलगा दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याजवळ मोजून सहा शब्द होते. त्यांतला एक ‘भू’. तो कुत्र्यालाही चालत असे आणि रिक्षालाही.

‘दिव्याखाली अंधार’ असे एका बारशाच्या पंगतीत एक बाई माझ्या देखत म्हणाल्या. वेखंड उगाळून चाटवा, बालवाडीत घातला की आपोआप बोलेल, याचे काकाही चौथ्या वर्षी बोलले, असे सल्ले घरातून येत राहिले. त्यांचा राग आला नाही, कारण त्यांत माया होती. राग आला तो जाणत्या लोकांचा. एका डॉक्टरांनी “तुम्ही तर घरच्याच तज्ज्ञ, आम्ही काय सांगणार?” असे हसून म्हणत मुलाच्या कानांत डोकावूनही न पाहता आम्हाला परत पाठवले. दुसऱ्या एका झकपक केंद्रात, जिथे भरपूर फी आधी भरून मगच आत सोडतात, तिथे दहा मिनिटांत एक मोठे निदान कागदावर लिहून मिळाले. त्या दहा मिनिटांत मुलाला कोणी एकदाही नावाने हाक मारली नाही. ते निदान खरे ठरले असते तरी माझा मुलगा मला तितकाच प्रिय असता. माझी तक्रार निदानाबद्दल नाही, समोरच्या लेकराकडे न पाहता लेखणी उचलण्याबद्दल आहे. वर जाता जाता “या व्यवसायात असूनही इतका उशीर कसा केलात?” हा प्रश्न त्यांनी विचारला तो विचारलाच.

तो प्रश्न खोटा नव्हता, म्हणूनच जास्त लागला. जन्मानंतरच्या श्रवणचाचणीत तो उत्तीर्ण झाला होता आणि त्या एका कागदावर मी विसंबून राहिले. ती चाचणी त्या दिवसापुरती असते, पुढे सर्दीपडशाने कानाच्या पडद्याआड पाणी साचून ऐकू येणे मंदावू शकते, हे मी इतरांना सांगत आले होते. पण माझा मुलगा दाराची घंटा वाजली की वळून पाही आणि तेवढ्यावर मी समाधान मानले.

मग घरात आई उरली नाही, परीक्षक आली. ‘हे काय? ते कोण? म्हण, म्हण ना’ असे दिवसभर चालायचे. नव्या शब्दांची नोंद करायला मी एक वही केली होती. चित्रांचे पत्ते माझ्या हातात दिसले की तो पडद्यामागे जाऊन उभा राहायचा, आणि त्याचे पाय पडद्याखालून दिसत राहायचे.

अशा अवस्थेत आम्ही मिरजेला तुमच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात आलो. भिंतीवर वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र आणि एक घड्याळ, खाली सतरंजी, बाकी काही नाही. मी वही पर्समधून काढली तेव्हा तुम्ही ती पाहिली, पण मागितली नाहीत. तुम्ही सतरंजीवर बसलात, साबणाचे फुगे दोनदा उडवलेत, मग बाटलीचे झाकण घट्ट फिरवून ती बाटली त्याच्या हातात दिलीत आणि गप्प राहिलात.

त्याने झाकण ओढून पाहिले, दातांनी पाहिले, आणि माझ्याकडे पाहिले. माझ्या ओठांवर ‘उघड म्हण’ आलेच होते. तेवढ्यात तुमचा हात माझ्या गुडघ्यावर येऊन टेकला. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत, एक शब्द बोलला नाहीत. हात नुसता तिथे होता, हलकाच, आजारी माणसाच्या अंगावर ठेवावा तसा. घड्याळाची टकटक मला ऐकू येत होती. मुलाला प्रश्न विचारल्यावर पाच ते दहा सेकंद थांबावे, हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारले आहे. ते दहा सेकंद एका आईच्या पोटात किती लांब असतात, हे मला तेव्हा समजले. मग तो तुमच्याकडे सरकला, बाटली तुमच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “उघ.”

तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. ‘शाब्बास’ म्हणाला नाहीत, ‘परत म्हण’ तर नाहीच नाही. “उघड! हो, उघडू या,” म्हणत झाकण उघडलेत आणि फुगे उडवलेत. शब्द म्हटला की झाकण उघडते, शब्दाचे बक्षीस तेवढेच आणि तेच, ही गोष्ट मी पुस्तकातून शिकले होते आणि स्वतःच्या घरी साफ विसरले होते.

त्यानंतर तुम्ही एवढेच विचारलेत, “याला सर्दी वारंवार होते का?” तोवर हे कोणीच विचारले नव्हते, मीसुद्धा नाही. दोन्ही कानांत पाणी निघाले. श्रवणचाचणीचा आलेख, शल्यचिकित्सक, पुढचे उपचार ही हकिगत इथे लिहीत नाही, कारण ती कुठल्याही बऱ्या रुग्णालयात अशीच घडली असती. निघताना जिन्यात तुम्ही म्हणालात, “माझ्या मुलीच्या वेळी मीही अशीच वही केली होती.” ती वही मी त्याच रात्री माळ्यावर टाकली.

ताई, ज्ञान आपल्या क्षेत्रात पुष्कळ आहे. पदव्या आहेत, परिषदा होतात, यंत्रे येतात. पण समोरच्या चुकलेल्या माणसाला चूक न दाखवता थांबवणे हा जो साधा सभ्यपणा असतो, तो कुठल्या अभ्यासक्रमात बसवायचा? ज्या लोकांनी मला उशिराबद्दल सुनावले, त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. हल्ली माझ्यासमोर एखादी आई ‘बोल ना रे’ म्हणायला लागते तेव्हा माझाही हात तिच्या गुडघ्यावर जातो. दरवेळी तो तुमच्याइतका हलका पडतोच असे नाही.

तो आता साडेचार वर्षांचा आहे. बोलतो, कधी कधी नको इतके बोलतो. ‘ळ’ अजून आलेला नाही, आणि त्याची घाईही नाही. परवा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “आई, केलं.” त्याच्या बाबांनी बाहेरून घाबरून विचारले, “काय केलं रे?” मी म्हटले, “केळं हवंय होय? घे, हे केळं.” त्याने ते घेतले आणि जाता जाता बाबांना समजावले, “काही नाही केलं, बाबा. केलं खातोय.”

आपली कृतज्ञ,
मिरजेच्या सतरंजीवर बसलेली एक आई