तोलारअण्णांस, तोलाई बाकी ठेवून

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही, मला माहीत आहे. तुमच्या फोनला बटणं आहेत आणि चष्मा कायम सदऱ्याच्या खिशात असतो. नात वाचून दाखवील. समोर उभं राहून सांगायला गेलो असतो तर ‘जाऊ द्या की ओ’ म्हणून तुम्ही पुढच्या पिशवीकडे वळला असता. आणि माझी फजिती झाली ती चारचौघांत, मग आभार तरी कोपऱ्यात का मानायचे?

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मी सोलापूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात दिवाणजी आहे. कांद्याचा गाळा. डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा जेवायला उसंत नसते, आणि उसंत नसली की माणूस दिवसभर काहीतरी तोंडात टाकतच राहतो, हे माझ्यावरून सांगतो. अण्णा तोलार आहेत. काट्यावर पिशवी पडली की आकडा मोठ्याने पुकारायचा, शेतकऱ्याला ऐकू गेला पाहिजे, खरेदीदाराला ऐकू गेला पाहिजे, आणि गाळ्यात बसून लिहिणाऱ्या मलाही. या कामाची मजुरी म्हणजे तोलाई. अण्णांचा आवाज तीन गाळे पलीकडे जातो. चाळीस वर्षं हा माणूस आकडे ओरडून पोट भरतोय. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दुसरा आवाज. गुडघे धरले म्हणून मी एका दवाखान्यात गेलो होतो. नाव घेत नाही. दारात तबकडीचा काटा, शेवटचा आकडा १३०. मी चढलो, काटा फिरून पलीकडच्या दांडीला टेकला आणि तिथेच थरथरत राहिला. काउंटरवरच्या बाईंनी जागेवरूनच आत हाक मारली, “मॅडम, हे काट्यात बसत नाहीत!” बाकावर चौदा-पंधरा माणसं होती. एक लहान मूल हसलं, त्याच्या आईनं त्याला चापट मारली, आणि खरं सांगतो, ती चापटच मला जास्त लागली. आत गेल्यावर मॅडमनी गुडघ्याला हात न लावता सांगितलं, आधी वजन उतरवा मग या, जिभेला आवर घाला. दोन मिनिटं. फी मात्र पूर्ण घेतली.

त्यानंतर दोन वर्षं मी कुठल्याच काट्यावर पाय ठेवला नाही. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या वजनाचा ग्रॅमपर्यंत हिशेब लिहायचा आणि स्वतःचं खातं कोरं. मधल्या काळात एका जिमवाल्यानं वर्षाची फी घेतली आणि पहिल्याच दिवशी शर्ट काढून फोटो मागितला, भिंतीवर लावायला. एकानं डब्यातली पावडर गळ्यात मारली. एका आहारवाल्या ताईंनी यादी दिली, तिच्यात ब्रोकोली, किवी आणि ओट्स. मार्केट यार्डात बसून माणूस ब्रोकोली कुठून आणणार? नातेवाईक तर काय, प्रत्येक लग्नात पंगतीत वाढताना ‘अजून एक घ्या’ म्हणायचे आणि हात धुताना ‘जरा कमी करा’ म्हणायचे. दोन्ही तोंडं एकाच माणसाची.

असो. गेल्या फेब्रुवारीतली ती संध्याकाळ.

दुपारी गाळ्यातली प्लास्टिकची खुर्ची माझ्याखाली फाटली होती. मोडली नाही, फाटली. मधोमध चीर गेली आणि मी हळूहळू खाली गेलो, हातात पट्टीबुक, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाचं बुक घेऊन. पोरं हसली नाहीत, तोंडं फिरवून उभी राहिली. लिलाव उरकले, गाड्या गेल्या, झाडूवाल्या बायका कांद्याची टरफलं ढिगानं लोटत होत्या. तुम्ही काटा बंद करायच्या बेतात होता. मी उगाच येऊन उभा राहिलो.

“अण्णा, हा काटा कितीपर्यंत जातो?”

“तीनशे,” म्हणालात. कशाला, विचारलं नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलंत आणि शेजारी पोत्यावर लोळणाऱ्या पोराला म्हणालात, “जा बे, दोन चहा सांगून ये.” पोरगा गेला. मग काट्याचं आकडे दाखवणारं डबडं, जे आयुष्यभर लोकांकडे तोंड करून असतं, ते तुम्ही हातानं भिंतीकडे फिरवलंत.

“चढा की ओ. चपला काढा, बारदान नाही धरत आपण.”

मी चपला काढल्या. फोन, किल्ल्यांचा जुडगा, पाकीट पोत्यावर ठेवलं. चढलो. लोखंडी पत्रा उन्हानं अजून कोमट होता, पायाखाली कांद्याची एक पात चिकटली. मी डोळे मिटून वाट बघत होतो, कारण तुमचा आवाज मला पाठ आहे. आता पुकारा होणार. सवय ती सवय, तोंडातून सुटणारच.

काहीच आलं नाही.

डोळे उघडले तर तुम्ही कानामागचं पेन काढून काटापट्टीच्या पाठीवर लिहीत होता. चिठ्ठीची चौघडी केलीत, माझ्या शर्टाच्या खिशात घातलीत आणि वरून बोटांनी दाबलीत. “घरी जाऊन बघा. नाही बघितलं तरी चालतंय.” डबडं परत लोकांकडे फिरवलंत, काट्यावर गोणपाट टाकलंत.

घसा दाटला होता, म्हणून धंद्याचं बोललो. “तोलाई किती झाली अण्णा?”

“पुढच्या महिन्यात घेतो.”

बस. एवढंच. कुणी म्हणेल, यात उपकार तो काय? ज्याला कळायचं त्याला कळेल.

ती चिठ्ठी मी तीन दिवस उघडली नाही. चौथ्या दिवशी धुणं भिजवताना बायकोच्या हाती लागली. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त १५१–४००, किलो आणि ग्रॅम. ती हिशेबाची चिठ्ठी समजली. ओल्या हातानं दारात येऊन म्हणाली, “हा कुणाचा कांदा?”

“माझा,” म्हणालो.

लग्नाला चौदा वर्षं झाली, त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघं माझ्या वजनावर भांडण न होता बोललो. तिला कळायला क्षणभर लागला. मग ती तिथंच उंबऱ्यावर बसली, बादली तशीच राहिली.

तिनंच शोधून एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी काट्यावर चढायच्या आधीच चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट बघितली, मागं छापलेलं वाचलं, हसल्या आणि माझ्या कागदाला टाचणी लावून जोडली. पुन्हा वजन करायला लावलं नाही. मला नाही, बायकोला विचारलं, झोपेत यांचा श्वास मध्येच थांबतो का? थांबत होता. मी दुपारी खतावणीवर डुलक्या घ्यायचो त्याला सगळा यार्ड आळस म्हणायचा, मालकही. तो रात्रभर श्वास अडकून झोपमोड होण्याचा आजार निघाला. रक्तदाब, साखर, थायरॉईड सगळं तपासलं. आणि उतरवायचं किती, तर मला वाटलं सत्तर म्हणतील. त्या म्हणाल्या, आधी पाच टक्के. साडेसात किलो. तेवढ्यानंही रक्तदाबाला आणि साखरेला फरक पडायला लागतो, पुढचं पुढे बघू. फक्त गोळ्या स्वतःच्या मनानं कमी-जास्त करायच्या नाहीत.

भाकरी त्यांनी बंद केली नाही. शेंगाचटणी मात्र मुठीवरून चमच्यावर आणली. सोलापूरच्या माणसाला ही शिक्षा काय असते ते पुण्यामुंबईकडच्यांना सांगून उपयोग नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि आमच्याकडे चटणी तेल सुटेपर्यंत कुटायची, वर ताटात आणखी कच्चं तेल घ्यायचं.

चहाचं मात्र मी स्वतः शोधलं. दिवाणजी आहे शेवटी. यार्डात दिवसाला आठ चहा, कपात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा. रोजची ८० ग्रॅम. वर्षाचा गुणाकार केला तर २९ किलो आले. परत केला. तेवढेच आले. साखरेचं पोतं ५० किलोचं असतं अण्णा. मी दर वर्षी अर्ध्या पोत्याहून जास्त साखर नुसती चहातून उतरवून घेत होतो, वाराई, म्हणजे उतराईची हमाली, न देता. आता दोन कप, बिनसाखरेचे. पहिले पंधरा दिवस डोकं दुखायचं आणि मी सगळ्यांवर खेकसायचो, ते तुम्हीही ऐकलंय.

चालण्याचं काय सांगू. गाळ्यापासून गेटापर्यंत आणि परत, एवढ्यानंच सुरुवात. दम लागला की गाडीचा नंबर वाचल्याचं सोंग करून उभं राहायचं. एप्रिल-मेच्या उन्हात साडेपाचला बाहेर पडलं तरच जमायचं. आता सिद्धेश्वर तलावाच्या काठानं जातो, किल्ल्याची भिंत उजव्या हाताला ठेवून.

तोलाईचं निमित्त होतं म्हणून मार्चच्या १ तारखेला आलो. पोराला चहाला पाठवलंत, डबडं फिरवलंत. आकडा बघितलात आणि त्या दिवशी एकच शब्द तोंडातून काढलात. “लाभ.”

जुने तोलार-मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, मग दोन, तीन. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर कोण म्हणतंय? मी तो शब्द वडिलांच्या खळ्यावर शेवटचा ऐकला होता. चिठ्ठीवर १४६ होते, पाचाच्या वर गेले होते. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं की पहिल्या महिन्यातलं बरंचसं पाणीच असतं, दर महिन्याला असं जाणार नाही, हुरळू नका. खरंच गेलं नाही. कधी तीन, कधी दोन, जुलैत काहीच नाही.

आणि दिवाळीनंतर उलटं झालं. पावणेदोन किलो वाढले. त्या दिवशी मी यायचंच टाळत होतो, गाळ्याचं शटर अर्धं ओढून हिशेबात डोकं घालून बसलो. तुम्ही काटा झाकला नाही. अंधार पडला, यार्डातले दिवे लागले, तरी काटा उघडाच. शेवटी आलो. चढलो. तुम्ही लिहिलंत, तीच चौघडी, तोच खिसा. जाताना पाठमोरे म्हणालात, “गोणी ओली असली की काटा चढतो. वाळतीय.”

अण्णा, मला आयुष्यात हुशार माणसं पुष्कळ भेटली. माझ्या वजनावर सल्ला देणारा प्रत्येक जण माझ्यापेक्षा शहाणा होता आणि बहुतेकांचं म्हणणंही बरोबरच होतं. पण समोरच्याची लाज आपल्या हातात आली की ती मुठीत झाकायची असते, हे ज्याला शिकवावं लागत नाही असा माणूस विरळा. तुमची शाळा तिसरीत सुटली, असं तुम्हीच सांगता. तुमच्याकडे कुणी तुटक्या चपलेचा शेतकरी आला की तुम्ही त्याची पट्टी आधी करायला लावता, हेही मी चाळीस फुटांवरून बघत आलोय. आजवर त्यावर विचार केला नव्हता. पट्टी खोडायची, भाव पाडायचा, हे रोज चालणाऱ्या बाजारात तुम्ही हे कुठून टिकवलंत, कोण जाणे.

परवा १ तारखेला १२८–६०० भरलो. जवळजवळ २३ किलो गेले, म्हणजे पंधरा टक्के. डॉक्टरीणबाई म्हणतात, वजनातला एक किलो उतरला की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलोंचा भार उतरतो. म्हणजे दर पावलाला नव्वद किलो, दोन पिशव्या कांद्याला थोडे कमी. तुम्हाला हा हिशेब लगेच पटेल म्हणून लिहिला. अजून पुष्कळ जायचंय, ते मला दिसतंय. आज सकाळी चपलेचा पट्टा वाकून लावला, भिंत न धरता. आता गड्डा, आमची सिद्धेश्वराची यात्रा, लागलाय. गेली सहा वर्षं मी अक्षता सोहळा टीव्हीवर बघितला, यंदा तुम्ही यात्रेची पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत निघाल तेव्हा मागं कुठंतरी मी असेन. सगळ्या मार्गानं नाही जमणार. जमेल तेवढं.

एक गंमत. १२८ म्हणजे मी आता त्या दवाखान्यातल्या तबकडीवरही बसतो. परवा त्या रस्त्यानं जाताना मनात आलं, आत जावं, चढावं, आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणावं, पुकारा आता. पायरीपर्यंत गेलोही. बाकावर माणसं बसली होती, एक जाड मुलगी अंग चोरून कडेला होती, सतरा-अठराची असेल. मग आत जाऊन तमाशा करावासा वाटला नाही. तिच्या आईला बाजूला घेऊन डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला आणि निघालो.

खतावणीत तुमच्या नावावर बारा तोलाया देणे लिहिल्या आहेत. फेब्रुवारीच्या १ तारखेला तेरावी. पोराला चहाला पाठवा, बिनसाखरेचा सांगा.

तुमचा,
गाळ्यातला दिवाणजी