टेंगळाकडे नको, पोराकडे बघ

मनू,

काल फोनवर तू इतकी रडत होतीस की माझं बोलणं अर्धं तरी ऐकलंस का कोण जाणे, म्हणून आज लिहूनच पाठवतेय.

चिनू पडल्या पडल्या रडला, थोड्या वेळाने दूध प्यायला, खेळायला लागला, हे सगळं चांगलंय गं. कपाळाचं टेंगूळ दिसायला भयंकर असतं, डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठाच तेवढा असतो. पण दोन वर्षांखालच्या पोराला कानाच्या वर नाहीतर डोक्याच्या मागे मऊ, पिळपिळीत सूज आली तर डॉक्टरला दाखवायचंच, मग तो हसत का असेना. ३ फुटांपेक्षा वरून पडला तरी तेच.

रुमालात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धर. सासूबाई तेल चोळायला घेतील, त्यांना गोड बोलून थांबव.

झोपू द्यायचं नाही हे आपल्याकडे जो तो सांगतो. अगं, त्याच्या झोपेची वेळ झाली की झोपू दे, फक्त पहिल्या रात्री एक-दोनदा हलवून बघ, कुरकुरला, तुला ओळखलं, परत झोपला की झालं. हलवूनही नीट जागा होत नसेल, परत परत उलट्या, शुद्ध हरपली, फिट आली, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या, एक हात ढिला, नाहीतर कशानेच न थांबणारं रडणं, यातलं एक जरी दिसलं तरी मला फोन करत बसू नकोस, १०८ लाव नाहीतर सरळ हॉस्पिटल गाठ. फिट आली तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, आणि कांदा-चप्पल हुंगवणाऱ्यांना खोलीबाहेर काढ.

सिटी स्कॅन करूनच टाकूया असं जावईबापू म्हणत होते ना? एवढ्याशा पोराला उगाच रेडिएशन कशाला, डॉक्टर बरेचदा चार-सहा तास नुसतं लक्ष ठेवायला सांगतात, त्यांना ठरवू दे.

आणि त्यांना म्हणावं चिनूला स्कूटरवर पुढे उभं करून नेणं बंद. नऊ महिने ते चार वर्षांच्या पोरांना हेल्मेट आणि बेल्ट, आणि स्पीड ४० च्या आत, हा फेब्रुवारी २०२३ पासून नियमच आहे.

तो चाकांचा वॉकर कोणाला देऊ पण नकोस, मोडून भंगारात टाक.

आई