रक्तगटाच्या कार्डावरून बाईवर संशय नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ओळखपत्रावर लिहायचा म्हणून शाळेत मुलांचा रक्तगट तपासतात. बाप 'ए', माय 'ए' आणि पोरगं 'ओ' निघालं की आमच्याकडे पानठेल्यावर कुजबुज सुरू होते. यंदा एका घरानं तर ऐन रोवणीत सुनेला माहेरी धाडलं. मी विज्ञान शिकवते. हे पाहवत नाही, म्हणून लिहीत आहे.

या गटांचं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. 'ए' आणि 'बी' प्रती तांबड्या पेशीवर आपापली साखर चढवणारं विकर बनवतात. 'ओ'च्या नेहमीच्या प्रकारात डीएनएतलं एकच अक्षर गळालेलं असतं, तेवढ्यानं विकर निकामी होतं. 'ए'च्या जोडीला अशी मुकी प्रत असली तरी तपासणीत 'ए'च दिसतो. आईबाप दोघांकडे ती असेल, तर दर बाळंतपणात 'ओ' मूल होण्याची शक्यता चारात एक. 'ए' आणि 'बी' जोडप्याच्या पोटी तर चारही गट जन्मू शकतात.

आणि दोघंही 'ओ', मूल मात्र 'बी', असं झालं तर? तरीही बोट दाखवू नये. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगासमोर आणला. त्यात 'एच' जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. 'बी'ची साखर ज्यावर चढायची तो पायाच नसतो, त्यामुळे अंगात 'बी' जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत माणूस 'ओ' ठरतो. त्याच्या मुलात ते जनुक पुन्हा दिसू लागतं. गट दुर्मीळ आहे, पण आपल्याच राज्यात सापडलेला आहे! शिवाय शिबिराच्या गर्दीत नोंद चुकते ती वेगळीच.

नातं ठरवायचं तर डीएनएवरच्या अनेक जागा ताडून पाहाव्या लागतात. तीही चाचणी कुणाच्या संशयाखातर नाही. न्यायालयांनी अशी तपासणी सरसकट सांगू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं 1993 मध्येच गौतम कुंडू खटल्यात बजावलं आहे.

सिकलसेलचा वाहक म्हणजे काय, हे आपल्या गावांत आशाताई घरोघरी समजावून सांगतात. रक्तगटाचं कार्ड देताना कुणीच काही सांगत नाही. आरोग्य विभागानं कार्डाच्या मागच्या बाजूला चार ओळी मराठीत आणि गोंडीत छापाव्यात, आणि कार्ड मुलाच्या हाती न देता पालकसभेत, आईबाप दोघांना समोर बसवून द्यावं.

एक विज्ञान शिक्षिका,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया