चार पट्ट्या खाली

प्रिय दादा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

'उपासना संगीत' हे आपलं मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उघडलं की आमच्या चर्चची मंडळी मोकळ्या गळ्यानं गाते. नवी वर्शिपची, म्हणजे गिटार-कीबोर्डवरची उपासनेची गाणी मात्र टोचायची. त्याच ओळी पुन्हा पुन्हा, वरचा सूर कुणाला लागत नाही, शब्द एकमेकांवर आदळतात. खोट गाण्यांपेक्षा आमच्या गाण्याच्या पद्धतीत होती, हे तुम्ही दाखवलंत. आसपासच्या खेड्यांतल्या गायक मंडळांनाही कामी यावं म्हणून हे आभार उघडपणे आणि तपशिलानं लिहितोय.

पहिली गोष्ट पट्टीची. रेकॉर्डिंगमधला गायक उंच गळ्याचा असतो, हातात माईक असतो. उपासनेत म्हाताऱ्या आज्या, आवाज फुटलेली पोरं आणि हंगामात दिवसभर कापूस वेचून थकलेल्या बाया असतात. तुमचा नियम असा : आधी गाण्यातला सर्वांत उंच सूर शोधायचा आणि तो पांढरी दोनच्या (सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) वर जाऊ द्यायचा नाही. गाण्याचा सा पांढरी सातवर आणि उंच सूर पंचम (प) असेल, तर काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या खाली यायचं, म्हणजे पांढरी पाच. पंचम बरोबर पांढरी दोनवर बसतो. कीबोर्डवर ट्रान्सपोज उणे चार. आणि शेवटाकडे एक सप्तक वर जाणारी उडी सरळ सोडून द्यायची. ती एकट्या गायकासाठी असते, मंडळीसाठी नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची, आणि खरी अडचण इथंच होती. जुन्या गीतांत शब्द बहुधा ठोक्यावर पडतो. नव्या गाण्यांत ओळ पुष्कळदा अर्धी मात्रा आधी किंवा नंतर उठते. मग अर्धी मंडळी पुढं, अर्धी मागं आणि ढोलकवाला मधे अडकलेला. चाल बाजूला ठेवून, टाळीवर केहरवा तालाच्या आठ मात्रा धरून नुसते शब्द म्हणायला तुम्ही लावलंत. चार आवर्तनं नीट झाली की मगच चाल. लय सहा मात्रांची असेल तर दादरा ताल. तिथं केहरवा लादला की शब्द तुटतात.

पेटीवर शब्दामागं सूर न् सूर वाजवायची आमची सवय. यातली पुष्कळशी गाणी सा-ग-प, प-नी-रे, ध-सा-ग, म-ध-सा या चार कॉर्डवर (एकत्र दाबायच्या तीन-तीन सुरांवर) चालतात. ते धरून ठेवायचे आणि चाल गळ्यांवर सोपवायची. पेटीचा सूर जागच्या जागी बदलत नाही, म्हणून कीबोर्डचं ट्यूनिंग 440 हर्ट्झवरून थोडंथोडं सरकवून पेटीला जुळवायचं. वीज गेली तरी पेटी चालू राहते. टिनाच्या छताखाली ड्रम नकोच, ढोलक पुरे. स्पीकर माईकच्या पुढं, नाहीतर शिट्टी वाजते.

भाषांतरित गाण्यांबद्दलचा तुमचा इशाराही पटला. इंग्रजीतल्या एका अक्षराच्या जागी मराठीची तीन अक्षरं कोंबली की ऱ्हस्व ताणलं जातं, दीर्घ गिळलं जातं. पाश्चात्त्य चालींवरच्या आमच्या लाडक्या जुन्या गीतांतही ही खोट आहे, हे मान्य करणं जड गेलं. म्हणून आधी मुळात मराठीत रचलेली गाणीच निवडतो.

पुनरावृत्तीचं काय, हाही प्रश्न होताच. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या मुलखात ध्रुवपद घोळवणं कुणाला नवं? फक्त किती वेळा, ते आधी ठरलेलं हवं : मुखडा दोनदा, ब्रिज (शेवटाआधीचा वेगळ्या चालीचा तुकडा) दोनदा, गाणं चालवणाऱ्याचा हात वर झाला की शेवट. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी अभंग आणि ओवी ख्रिस्ती गायनात रुजवली, तेव्हा तीही नवीच होती. गिटारवरची अशी गाणी 1960 च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या तरुणांकडून पसरली. ती थेट 'तू' म्हणून प्रभूशी बोलतात. जुनी गीतं शिकवण सांगतात, ही प्रार्थना करतात. उपासनेत आम्हाला दोन्ही हवीत.

तुम्ही लिहून दिलेला पट्ट्यांचा कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. ईस्टरसाठी तीन जुनी आणि दोन नवी गीतं निवडली आहेत. दोन्ही नवी पांढरी पाचमध्येच.

मनापासून आभार, दादा.

आपलं,
गायक मंडळ