टायर घासू न देणाऱ्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, तुमचं नाव इथे लिहिणार नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही हे माहितीये, पण आभार मात्र चारचौघात मानायचेत.

माझ्या गाडीला कंपनीकडून २०५/५५ आर१६ टायर (२०५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ इंची रिमचा), ६.५ जे म्हणजे साडेसहा इंच रुंद रिम आणि ईटी ४५ (हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा) होतं आणि हातात आलेले अलॉय होते १७ इंची, ७.५ जे, ईटी ३५. ज्याला विचारावं तो म्हणायचा २२५/४५ टाक, डायमीटर जवळपास तेवढाच राहतो, बिनधास्त बसेल. डायमीटरचं खरंच आहे, ६३२ चा ६३४ मिमी होतो, स्पीडोमीटरला काही कळणार पण नाही. पण तुम्ही पहिलाच प्रश्न टाकलात, "उंचीचं झालं, बाहेर किती येतंय ते कोणी मोजलं का?" कोणीच मोजलं नव्हतं!

मग तुम्ही कागदावर जे मांडून दिलंत तसं आजवर कोणी समजावलं नव्हतं. रिम एक इंच रुंद झाली म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण १२.७ मिमी वाढली, त्यात ईटी १० ने कमी म्हणजे अख्खं व्हील १० मिमी बाहेर सरकलं, म्हणून रिमची बाहेरची कड जवळजवळ २३ मिमी बाहेर आणि आतली फक्त ३ मिमी आत. म्हणजे आत सस्पेन्शनच्या बाजूला फारशी चिंता नाही, सगळं भांडण फेंडरशी, म्हणजे चाकावरच्या पत्र्याशी. ईटीचा आकडा कमी झाला की व्हील बाहेर जातं एवढं एक वाक्य जरी लोकांनी पाठ केलं ना, तरी निम्मे टायर वाचतील.

आणि मग तुमचा तो प्लॅस्टिसिनचा (मुलं खेळतात त्या मऊ मातीचा) प्रकार, मी तर बघतच राहिलो. तुमच्याकडचा २२५ चा जुना टायर एका रिमवर चढवून ट्रायल घेतलीत, मागच्या फेंडरच्या आतल्या कडेला प्लॅस्टिसिनचे छोटे गोळे चिकटवले, मागच्या सीटवर माणसं भरली आणि स्पीडब्रेकरवरून गाडी काढायला लावलीत. खाली येऊन बघतो तर एक गोळा चपटा झालेला आणि त्यावर टायरच्या खांद्याची नक्षी स्पष्ट उमटलेली. मग तेच व्हील पुढे लावून स्टेअरिंग फुल लॉक करून पुढे आणि रिव्हर्स दोन्ही घेतलं, कारण रिव्हर्सला टायर लायनरला (फेंडरच्या आतल्या प्लॅस्टिकला) वेगळ्याच जागी टेकतो म्हणालात. रिकामी गाडी जागेवर उभी करून "बसतंय की" म्हणणाऱ्यांना हे एकदा दाखवायला पाहिजे राव.

शेवटी तुम्ही २१५/४५ आर१७ सांगितलंत. रुंदीत १० कमी म्हणजे बाहेरच्या बाजूला ५ मिमी सुटले, वरून डायमीटर ६२५ च्या आसपास, म्हणजे कमानीत पण थोडी जागा मिळाली, आणि ७.५ जे रिमला हा साइझ नीट चालतो, ओढूनताणून बसवल्यासारखा दिसत नाही. जोरात गेलं की स्पीडोमीटर एखादा आकडा जास्त दाखवत असेल, दाखवू दे.

पण खरा थँक्यू लोड इंडेक्ससाठी, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्या आकड्यासाठी. याच साइझमध्ये ८७ वाला स्वस्त मिळत होता आणि मी तो जवळजवळ फायनल केला होता, तुम्ही म्हणालात ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, तुझ्या जुन्याला ९१ म्हणजे ६१५ होतं, चार माणसं आणि सामान भरून जाणार असशील तर ९१ एक्सएल (जास्त वजन पेलणारा) घे आणि त्यात हवा थोडी जास्त ठेव. घासणं तरी कानाला ऐकू येतं, हे कमी पडलं असतं तर कोणाला कळणार होतं?

व्हील हबवर मधोमध बसवणाऱ्या रिंगा, नट परत टाइट करायची आठवण, ते सगळं पण केलं. आता फुल लोडमध्ये पण काही आवाज नाही. आणि हो, स्पेसर (व्हील आणखी बाहेर काढणाऱ्या चकत्या) विकायला तुमच्याकडे होते तरी "तुला गरज नाही" म्हणून परत ठेवलेत, हे विसरणार नाही.

आता एक विनंती. माझ्या मित्राने ८.५ जे, ईटी २० ची व्हील्स घेऊन ठेवलीत, न विचारता, दिसायला भारी म्हणून. त्याला तुमच्याकडे पाठवतोय. प्लॅस्टिसिन जरा जास्तच आणून ठेवा.